तीनशे तीस ग्रॅम

१

पाच नंबरच्या खाटेवरच्या बाळाच्या अंगात तीनशे तीस मिलीलीटर पाणी जास्त होतं आणि ते कुणी घातलं, हे सांगायला कुणीच तयार नव्हतं.

बाळाचं नाव शुआन. वय पाच महिने. सोमवारी तिच्या हृदयातलं भोक बुजवलं होतं. ऑपरेशन नीट झालं होतं. अशा ऑपरेशननंतर बाळ जगतं की नाही हे बरंचसं पाण्यावर ठरतं. नळ्यांतून किती गेलं, लघवीतून आणि छातीतल्या नळीतून किती आलं, याचा तासातासाला हिशोब. जास्त झालं तर फुप्फुसं भिजतात, कमी झालं तर मूत्रपिंडं वाळतात. मोठ्या माणसाला पेलाभर पाणी म्हणजे काहीच नाही. पाच किलोच्या बाळाला तेवढ्यानं पूर येतो.

गुरुवारी सकाळी दहा वाजता रुग्णालयाची औषधतज्ज्ञ फान रूयुन विभागात आली, तेव्हा परिचारिकांच्या टेबलावर एक कोरा कागद पडलेला होता. वर छापलेलं होतं : ‘घडल्या चुकीचा कबुलीजबाब’. त्यासमोर जिएन यीजेन हाताची घडी घालून बसली होती. एकोणतीस वर्षांची, बारीक चणीची परिचारिका. आज तिची पाळी सकाळची होती. टेबलावर पेन होतं. तिनं त्याला हात लावलेला नव्हता.

“कालपासून असाच पडलाय तो,” यीजेन म्हणाली. “ताई, माझ्या हातून चूक झाली असती तर पहिल्या मिनिटाला लिहिलं असतं. न झालेली चूक मी कुठल्या अक्षरात लिहू?”

विभागप्रमुख डॉ. ओउयांग खाटेजवळून आले. उंच, कृश, डोळ्यांखाली दोन दिवसांची झोप साचलेली.

“फान, बरं झालं आलीस. हिला समजाव. मंगळवारी संध्याकाळी बाळाचं वजन पाच किलो चारशे ऐंशी. बुधवारी सकाळी सहा वाजता पाच आठशे दहा. आणि हिच्या कागदावर गेलेलं पाणी आणि आलेलं पाणी सारखंच. म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. चार ते बारा हिची पाळी होती. रक्तदाब घसरला असेल, हिनं घाबरून सलाइन दिलं असेल, आणि लिहायचं राहून गेलं असेल. होतं असं. पण कबूल करायला नको?”

“नको,” यीजेन म्हणाली. “कारण तसं झालंच नाही.”

“कागद खोटं बोलतो, काटा बोलत नाही.”

हे त्यांचं ब्रीदवाक्यच होतं. रूयुनला ते कुठून आलं तेही ठाऊक होतं. मागच्या महिन्यात याच विभागात एक मुलगा फुप्फुसात पाणी भरून गेला. कागदावर सगळं ठीक होतं. ओउयांगनी कागदावर विश्वास ठेवला होता.

“आज सकाळी आठपासून लघवी थांबली आहे,” ते म्हणाले. “पाण्यानं मूत्रपिंडं बसली. बारा वाजता पोटात नळी घालून डायलिसिस सुरू करतोय. अजून अडीचशे काढायचंय.”

रूयुन खाटेजवळ गेली. बाळाचं तोंड सुजलेलं दिसत होतं. पापण्या फुगलेल्या. पण ओठ कागदासारखे कोरडे. तिनं हातमोजा घालून टाळूवर बोट ठेवलं. टाळू मऊ, सपाट असायला हवी होती; अंगात पाणी कमी पडलं की ती आत जाते.

टाळू आत गेलेली होती.

२

“मला बारापर्यंत वेळ द्या,” रूयुन म्हणाली.

“कशाला?”

“डायलिसिसच्या पाण्यात औषधं मला मिसळायची आहेत. माझी सही लागते. आत्ता करणार नाही.”

ओउयांगनी तिच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांत या बाईनं त्यांच्यासमोर आवाज चढवलेला त्यांना आठवत नव्हता. तो आजही चढला नव्हता.

“बारा म्हणजे बारा,” ते म्हणाले. “आणि बाळाला काही झालं तर ती सही तुझ्या नावावर.”

“माझ्याच नावावर असते ती.”

तिनं यीजेनला बाळाचा तक्ता मागितला. या विभागात पाण्याचा तक्ता हातानं भरत. यीजेनचं अक्षर छापल्यासारखं होतं. औषध दिल्यावर नळी धुवायला जे दोन-दोन मिलीलीटर सलाइन जातं, ते बहुतेक जणी धरतच नाहीत. यीजेननं प्रत्येक वेळी लिहिलेलं होतं.

“मंगळवारची संध्याकाळ सांग. जे आठवेल ते. बिनमहत्त्वाचं आधी.”

“बिनमहत्त्वाचंच सगळं होतं, ताई. साडेपाचला खाटेचा काटा बिघडला. या नव्या खाटा स्वतःच वजन करतात ना, पडद्यावर नुसत्या रेघा यायला लागल्या. पान मिस्त्रींना बोलावलं. मी बाळाला नळ्यांसकट उचलून धरलं, त्यांनी काटा शून्यावर आणला. मग बाळ ठेवलं. पाच चारशे ऐंशी. माझ्यासमोर. मग मी रक्ताचा नमुना घेऊन यंत्रापाशी गेले. आले तेव्हा ते हात पुसत होते. ‘आता रुसायची नाही ही,’ म्हणाले.”

“आणखी?”

“आमा येऊन गेली सहाला. बाळाची आजी.” यीजेननं खाटेकडे पाहिलं. “आणि काल सकाळी क्ष-किरणवाला कुरकुरत होता म्हणे. गादीखालच्या खणात त्याची फोटोची पाटी जाईना. खण अडकलाय म्हणाला. शेवटी बाळाच्या पाठीखालीच घातली.”

रूयुननं हे वहीत टिपलं. मग तिनं दोन दिवसांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले.

बुधवारी ओउयांगनी लघवीचं औषध दुप्पट केलं होतं. तक्ता सांगत होता, गेलं तीनशे, आलं चारशे ऐंशी. म्हणजे एकशे ऐंशी कमी. आणि काटा बुधवारी सकाळी पाच आठशे दहा, गुरुवारी सकाळी पाच सहाशे तीस. तोही एकशे ऐंशी कमी. ग्रॅमला ग्रॅम.

कागद आणि काटा यांचं भांडण सबंध आठवड्यात फक्त एकदाच झालं होतं. मंगळवारी संध्याकाळी. त्यानंतर दोघं हातात हात घालून चालत होते.

“बुधवारी तक्ता कुणी भरला?”

“दिवसा दुसऱ्या दोघींनी. संध्याकाळी मीच.”

म्हणजे निष्काळजी माणूस एका संध्याकाळी तीनशे तीस विसरतो आणि दुसऱ्या संध्याकाळी एक थेंबही विसरत नाही. रूयुनला हे पटेना. ती खाली औषधशाळेत गेली. बाळांचं सगळं पाणी तिथूनच क्रमांक घातलेल्या पन्नास मिलीलीटरच्या सिरिंजांतून वर जाई, आणि रिकाम्या सिरिंजा लाल डब्यातून परत येत. तीनशे तीस मिलीलीटर म्हणजे सात सिरिंजा. तिनं मंगळवारचा डबा स्वतः मोजला. मग परत मोजला.

एकही जास्त वापरली गेली नव्हती.

तीनशे तीस मिलीलीटर पाणी बाळाच्या अंगात गेलं होतं, आणि ते इमारतीतून कुठूनच निघालं नव्हतं.

३

आमा जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. सत्तरीची, गोटीएवढ्या मण्यांची माळ मनगटावर. मांडीवर पिशवी, त्यात पानात बांधलेले, शिंगाड्याच्या आकाराचे तांदळाचे गोळे.

“खा,” ती म्हणाली. “डॉक्टर लोक खात नाहीत, म्हणून चिडके होतात.”

“मी औषधवाली आहे, आमा.”

“मग दोन खा.”

रूयुन शेजारी बसली. “आमा, मंगळवारी तुम्ही शुआनला काही पाजलंत?”

म्हातारीनं मान वळवली. मग ती सरळ बसली. “पाजलं. देवळातल्या मंतरलेल्या कागदाची राख पाण्यात घालून. कर, तक्रार कर.”

“किती?”

“कापसाचा बोळा. ओठांवर टेकवला. तीन थेंब असतील, चार असतील. त्या लंबू डॉक्टरनं देवाला आत यायची बंदी केली आहे. भिंतीवरचा ताईत काढला, माझा लाल दोरा काढला. तपासणीवाले येणार म्हणे. तुमच्या यंत्रांवरचा खाऊसुद्धा काढायला लावला, त्या पोरी सांगत होत्या. पण डॉक्टर नाही म्हणाला म्हणून देव काही रजेवर जात नाही. नात माझी आहे.”

“चार थेंबांनी काही होत नाही, आमा.”

“होतं,” आमा म्हणाली. “पण तुला वाटतंय तसलं नाही.”

रूयुनला हसू आलं. ते तिनं गोळा चावण्यात लपवलं. “त्या संध्याकाळी तुमच्याखेरीज आत कोण गेलं?”

“पोरी. लंबू. आणि तो यंत्रांचा माणूस. दोनदा गेला. एकदा हत्यारांची पेटी घेऊन, तेव्हा खांदा वाकलेला. मग बाहेर आला, खाली गेला, परत आला. या खेपेला हातात पिशवी. ही एवढी फुगलेली.” तिनं दोन्ही हात पसरले. “आणि एका बोटावर धरलेली. मला वाटलं, कापूस नेतोय. येताना पिशवी घडी करून खिशात.”

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजायला दहा मिनिटं होती.

४

पान मिस्त्री तळघरात एका पंपाचं पोट उघडून बसले होते. पन्नाशी उलटलेली, रुग्णालयातलं प्रत्येक यंत्र त्यांना नावानं ओळखतं अशी ख्याती.

“पाच नंबरचा काटा? चोख आहे,” ते मान वर न करता म्हणाले. “पाच किलोचं प्रमाणित वजन ठेवून तपासलाय. दहा ग्रॅमचाही फरक नाही.”

“माझाही तसाच अंदाज आहे, मिस्त्री. काटा खरंच बोलतोय.”

“मग काय काम काढलंत?”

“काटा लावल्यावर तुम्ही परत वर गेलात. पिशवी घेऊन.”

पेचकस थांबला. “हत्यारं राहिली होती.”

“हत्यारं एका बोटावर पेलतात?”

पान मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला, परत उचलला. “फान ताई, तुम्ही औषधं बघा, मी यंत्रं बघतो. प्रमुखांनी नोटीस लावली आहे खाली, पाहिलीत ना? पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा नोकरी. माझी पहिली झालेली आहे. मला तीन वर्षं काढायचीत.”

“वर त्या मुलीकडून कबुलीजबाब लिहून घेतायत.”

“कशाचा?”

“पाण्याचा.”

“मग माझा काय संबंध? मी पाण्याला हातही लावत नाही,” पान मिस्त्री म्हणाले, आणि रूयुनच्या लक्षात आलं की हा माणूस घाबरलेला आहे, पण खोटं बोलत नाहीये. त्याला खरोखरच संबंध दिसत नव्हता.

ती औषधशाळेत परतली. गोळ्या मोजण्याचं यंत्र कोपऱ्यात टकटक करत होतं. गेली नऊ वर्षं एकदाही न अडकलेलं. त्याच्या डोक्यावर, नेहमीच्या जागी, मक्याच्या फुगवलेल्या खाऊचं हिरवं पाकीट. खोबऱ्याच्या चवीचं, मुदत न संपलेलं. या गावात कुठलंही यंत्र सुरू करायचं तर आधी ते दुरुस्त करतात, मग तपासतात, आणि सगळ्यात शेवटी त्यावर हे पाकीट ठेवतात. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. बँकेत ठेवतात, विमानतळावर ठेवतात. पिवळं चालत नाही, हिरवंच लागतं, कारण दिवाही हिरवाच लागावा.

औषधशाळा ओउयांगच्या हुकमाखाली नव्हती, म्हणून इथलं पाकीट राहिलं होतं. वर विभागात दोन आठवड्यांपूर्वी नोटीस लावून सगळी उचलली. मॉनिटरवरच्या फळ्यांवर त्यांच्या आकाराचे धूळ नसलेले चौकोन तेवढे उरले होते.

रूयुन त्या पाकिटाकडे पाहत उभी राहिली. सगळ्यात शेवटी. दुरुस्ती झाल्यावर, काटा शून्यावर आणल्यावर, बाळ ठेवल्यावर.

तिनं पाकीट उचललं आणि औषधं तोलायच्या काट्यावर ठेवलं.

पंचावन्न ग्रॅम.

तिला कागद घ्यायचीही गरज पडली नाही. तीनशे तीस भागिले पंचावन्न. उत्तर पूर्णांकात येत होतं.

अकरा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. ती जिन्यानं धावत निघाली. सत्तेचाळीस वर्षांच्या, शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईला धावताना पाहून दोन वॉर्डबॉय भिंतीला चिकटले.

५

खाटेजवळ निळ्या कापडावर नळी, सुई, टाके मांडून तयार होते. ओउयांग हात धुऊन आले होते. यीजेन बाळाच्या डोक्याशी उभी होती. तिला बाजूला व्हायला सांगितलेलं होतं, आणि ती झालेली नव्हती.

“सही?” ओउयांगनी विचारलं.

“नाही,” रूयुन म्हणाली. तिला धाप लागली होती. “सर, आधी मला सांगा. मंगळवारी रात्री पाणी चढलं, तर बुधवारी फुप्फुसं ओली का नव्हती? फोटो स्वच्छ आहे.”

“उतरायला वेळ लागतो.”

“पाणी जास्त, तर शिरेतला दाब इतका कमी, जेमतेम तीन का?”

“दाबाची नळी बिघडली असेल.”

“रक्त दाट का होतंय? टाळू आत का गेली? छातीचे ठोके एकशे बहात्तर का?”

ओउयांगनी पडद्यावरचे आकडे पुन्हा पाहिले.

“नळी बिघडली, तक्ता खोटा, फोटो उशिरा. काटा सोडून सगळे लबाड. सर, एवढे साक्षीदार एका बाजूला असले तर दुसऱ्या बाजूच्या एकट्याला एकदा तरी विचारायला हवं. मला काट्याची चूक काढायची नाही. त्यानं तीनशे तीस ग्रॅम आले म्हणून सांगितलं, ते आलेच. पण तो खाटेचा काटा आहे. तो पाणी तोलत नाही. खाटेवर जे असेल ते तोलतो.”

“खाटेवर बाळ आहे.”

“यीजेन, गादीखालचा खण उघड.”

यीजेन वाकली. खण अडला. तिनं दोन्ही हातांनी ओढला, आणि गादीखालून आधी कुरकुर असा आवाज आला, मग हिरवा कोपरा दिसला. तिनं एकेक बाहेर काढून निळ्या कापडावर, नळीच्या शेजारी ठेवलं. सहा पाकिटं. प्रत्येकावर काळ्या शाईत लिहिलेलं : ‘नीट वाग, बाई.’

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

दारात पान मिस्त्री उभे होते. रूयुनच्या मागून तेही जिना चढून आले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“चार पायांत चार काटे आहेत, त्यांना एकेक,” ते हळू म्हणाले. “एक पडद्याला. एक बाळाला. फळीवर ठेवायची सोय राहिली नव्हती, सर. म्हणून आत ठेवली. कुणाला दिसू नयेत म्हणून.”

“तुम्ही काटा लावणारा माणूस,” ओउयांग म्हणाले. “ग्रॅमवर काटा लावलात आणि त्यावर...”

“मनातच आलं नाही. ते सामान नसतं ना, सर. आम्ही ते सामानात धरतच नाही. देवाला कुणी तोलतं का?”

यीजेननं वजनाचं बटण दाबून पडद्याकडे बोट दाखवलं. सकाळच्या वजनाला तिथं पाच सहाशे तीस आलं होतं. आता तिथं पाच किलो तीनशे होतं.

ऑपरेशनच्या आधी शुआनचं वजन पाच तीनशे ऐंशी होतं.

ओउयांग त्या आकड्याकडे पाहत राहिले. दोन दिवस ते ज्या बाळातून पुराचं पाणी काढत होते, ते बाळ आपल्या मूळ वजनापेक्षाही ऐंशी ग्रॅमनं हलकं होतं. तोंडावरची सूज ऑपरेशनची होती. रक्तवाहिन्या कोरड्या पडल्या होत्या. मूत्रपिंडं बसली नव्हती, त्यांच्याकडे द्यायला काही उरलंच नव्हतं. आणि आणखी वीस मिनिटांत त्यांनी अडीचशे काढायला सुरुवात केली असती.

त्यांनी हातमोजे उतरवले.

“लघवीचं औषध बंद,” ते म्हणाले. “पन्नास मिलीलीटर आत. सावकाश, अर्ध्या तासात. मी इथेच उभा आहे. जिएन, तू दे.”

“लिहून ठेवू?” यीजेननं विचारलं.

त्यांनी तक्ता तिच्या हातात दिला. “प्रत्येक मिलीलीटर.”

६

ठोके आधी उतरले. एकशे बहात्तर, एकशे साठ, एकशे अठ्ठेचाळीस. मग दाब चढला. लघवीच्या नळीत काही नव्हतं. साडेबारा झाले. काही नव्हतं. ओउयांग, पान मिस्त्री आणि रूयुन, तिघंही त्या नळीकडे असे पाहत उभे होते जणू ती बोलणार आहे.

बारा पन्नासला नळीत पिवळा थेंब सरकला. त्याच्या मागून दुसरा. मग धार.

काचेपलीकडून आमा पाहत होती. तिला आकडे कळत नव्हते, पण चेहरे कळत होते. तिनं मनगटावरची माळ सोडली आणि तांदळाचा गोळा सोलायला घेतला.

पान मिस्त्री पाकिटं गोळा करू लागले. “ही मी टाकून देतो, सर. आणि माझी ताकीद... दुसरी लिहा. तुमच्या जागी मीही लिहिली असती.”

“त्यांना कशाला टाकता?” यीजेन म्हणाली. “त्यांनी काय केलं? त्यांना लपवायला लावलं नसतं तर ती फळीवरच बसली असती.” तिनं एक पाकीट त्यांच्या हातातून घेतलं, टाचा उंचावल्या आणि ते मॉनिटरवरच्या फळीवर, धूळ नसलेल्या चौकोनावर नेमकं बसवलं. मग वळून प्रमुखांकडे पाहिलं. नजर खाली घेतली नाही.

ओउयांगनी फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“खाटेवर नको,” ते म्हणाले. “फळीवर चालेल.”

“आणि ताकीद?” पान मिस्त्रींनी विचारलं.

“नोटीस माझी होती. ताकीदही मलाच.” ते टेबलाकडे वळले. कोरा कागद अजून तिथेच होता. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला.

“एक मिनिट, सर,” यीजेन म्हणाली. “तो माझ्या नावाचा आहे.”

ती टेबलाशी बसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिनं ते पेन हातात घेतलं. ‘घडल्या चुकीचा कबुलीजबाब’ या छापील ओळीखाली छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, वाचून पाहिलं, आणि कागद त्यांच्या हातात दिला.

‘गुरुवार, दुपारी बारा पन्नास. शुआन, खाट पाच. लघवी अठरा मिलीलीटर.’

“मला एवढंच कबूल आहे,” ती म्हणाली, आणि एक वाजताचा आकडा घ्यायला खाटेकडे गेली.